मोनालिसा तू पाहिलीस, सासूबाईंनी नाही

"ताई, सासू-सासरे पहिल्यांदाच आमच्याकडे आलेत. मुलांसह पॅरिसला आणि पुढे इटलीत पिसाला नेणार आहोत. पॅरिसच्या दोन दिवसांत यांनी सात ठिकाणं आखलीत. सासूबाईंनी मोनालिसाचा धोशा लावलाय. मी दोनदा पाहिली, एवढीशी आहे! पुढे नुसते उंचावलेले मोबाइल. उगाच गाजलेली जागा. त्यांना कसं समजावू?"

समजावू नकोस. तुझी तगमग कळते गं. रजा मोजकी, सोबतची माणसं लवकर थकणारी आणि सगळ्यांना सांभाळायचं तुझ्या डोक्यावर. पण 'उगाच गाजलेली' हे तू दोनदा जाऊन आल्यावर ठरवलंस आणि त्यांनी मात्र न बघताच ते मान्य करावं म्हणतेस. हे काही बरोबर नाही.

चित्र लहान आहेच, ७७ बाय ५३ सेंटिमीटर. पण त्याची एवढी कीर्ती कशी झाली, ते सासूबाईंना सांगितलंस का? ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात असतं. तिथे पूर्वी काम केलेल्या एका माणसानं १९११ मध्ये ते पळवलं. दोन वर्षांहून जास्त काळ पत्ता नव्हता आणि लोक रिकामी भिंत बघायला रांगा लावत होते. जाण्याच्या आदल्या रात्री ही गोष्ट सांग त्यांना.

माझ्या बाबांनाही मी हेच म्हटलं होतं, "काही नाही हो त्यात." ते म्हणाले, "तू बघितलीस ना, मग राहू दे." त्या 'राहू दे'नं मला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी नेलंच. चाकांची खुर्ची संग्रहालयातच मिळाली. मोनालिसासमोर जेमतेम दोन मिनिटं मिळाली. मग मी खुर्ची फिरवली, तर समोरच्या भिंतीवर व्हेरोनेझे या इटालियन चित्रकाराचं लग्नाच्या मेजवानीचं चित्र! १५६३ चं, जवळजवळ सात मीटर उंच, दहा मीटर रुंद, नेपोलियनच्या सैन्यानं व्हेनिसच्या मठातून आणलेलं. सगळी गर्दी त्याच्याकडे पाठ करून उभी. बाबा मात्र पुढे वाकले. "अगं, ही बाई बघ, पंगतीत बसून दात कोरतेय!" मग त्यांना रांजणाला नखं लावणारं मांजर सापडलं. पाऊण तास हलले नाहीत. अजून फोनवर त्या बाईचा विषय निघतोच.

म्हणून सांगते, तिथे वेळ दे. तुझ्या यजमानांनी दोन दिवसांत सात ठिकाणं आखलीत म्हणतेस, त्यातली चार खोड. आई-वडिलांना धावपळ करायला आणलंय का आपण?

लेकीला कंटाळा येईल? येऊ दे, पंधरा वर्षांची आहे.

आणि पुढे पिसाला जाल तेव्हा धाकट्या लेकाला तिथल्या झुकत्या मनोऱ्यावर चढवायचं मनात असेल तर विसर. आठ वर्षांखालच्या मुलांना वर सोडत नाहीत. सासऱ्यांनाही नकोच, लिफ्ट नाही, अडीचशेच्या वर पायऱ्या आहेत. दोघांना खाली हिरवळीपाशी बसवा.

लूव्रचं तिकीट वेळ ठरवून आधीच काढ. आणि मंगळवार टाळ, त्या दिवशी बंद असतं.