अ‍ॅक्सेसचा लॉगिन फॉर्म, शिफ्ट की आणि खरं कुलूप

तुमची अडचण अशी: आठ जणांत मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅमची एकच फाईल, उघडताच लॉगिन फॉर्म; तरी कुणीतरी शिफ्ट दाबून आत शिरलं आणि पासवर्डचं टेबल वाचलं. शिफ्ट दाबून फाईल उघडली की स्टार्टअप फॉर्म चालतच नाही. २००७ मध्ये अ‍ॅक्सेसच्या फाईलचा एसीसीडीबी हा नवा फॉरमॅट आला आणि त्यात जुन्या एमडीबी फॉरमॅटमधली युजरनिहाय सुरक्षा राहिली नाही. उरला तो अख्ख्या फाईलचा एकच पासवर्ड, सगळ्यांना सारखा.

आज करता येण्याजोगं आधी करा. फाईलचे दोन भाग करा: टेबल्स सर्व्हरवर, फॉर्म प्रत्येकाच्या मशीनवर. फॉर्मच्या भागाची एसीसीडीई (फॉर्म आणि कोड बदलता न येणारी प्रत) बनवून वाटा, मूळ फाईल मात्र जपून ठेवा. शिफ्ट बंद करायला ‘अलाऊबायपासकी’ ही फाईलची प्रॉपर्टी (सेटिंग) फॉल्स करायची. पण ही प्रॉपर्टी मुळात नसते, थेट किंमत दिली की ३२७० एरर येते. आधी कोडमध्ये क्रिएटप्रॉपर्टीने ती तयार करून मग अपेंड करा (फाईलला जोडा). टेबलातले पासवर्ड हॅश करून, म्हणजे मूळ शब्द परत काढता येणार नाही अशा रूपात ठेवा.

एवढं करूनही डेटा उघडाच राहतो, हे नीट समजून घ्या. एसीसीडीईत फक्त फॉर्म, रिपोर्ट आणि कोड यांच्यातले बदल बंद होतात, टेबल्स उघडीच राहतात. दुसऱ्या फाईलमधून दोन ओळींचा कोड चालवून शिफ्ट परत सुरू करता येते. सर्व्हरवरच्या टेबल्सच्या फाईलला पासवर्ड दिलात, तर तो जोडलेल्या टेबल्सच्या माहितीत, अ‍ॅक्सेसच्या एमसिसऑब्जेक्ट्स या लपलेल्या टेबलच्या कनेक्ट कॉलममध्ये, साध्या अक्षरांत दिसतो. शिवाय लॉक फाईल (कोण फाईल वापरतंय याची अ‍ॅक्सेस ठेवतं ती नोंद) बनायला-पुसायला प्रत्येकाला फोल्डरवर वाचण्या-लिहिण्याचा हक्क द्यावाच लागतो; म्हणजे अख्खी फाईल कॉपी करून नेणं कुणालाही शक्य.

म्हणून टेबल्स एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सर्व्हरवर हलवा. फुकट आहे, एका डेटाबेसला २०२२ च्या आवृत्तीपर्यंत १० जीबीची मर्यादा, २०२५ च्या आवृत्तीत ५० जीबीची; आठ जणांच्या नोंदींना बहुधा पुरेल. लॉगिन विंडोजचंच ठेवा, वेगळे पासवर्ड सांभाळायला नकोत. विंडोजमध्ये तीन ग्रुप करा: क्लार्कला सिलेक्ट (वाचणं) आणि इन्सर्ट (नवी नोंद), अकाउंटंटला त्याशिवाय अपडेट (बदल), डिलीट (पुसणं) फक्त मॅनेजरला. घाईत सगळ्यांना डीबी-ओनर, म्हणजे डेटाबेसवरचे सगळे हक्क, देऊन टाकतात, तिथेच सगळं मुसळ केरात. प्रत्येक टेबलला प्रायमरी की (प्रत्येक ओळ वेगळी ओळखणारा कॉलम) हवी, नाहीतर अ‍ॅक्सेसमध्ये जोडलेलं टेबल फक्त वाचता येतं.

तपासणी क्लार्कच्या लॉगिनने करा, आणि फॉर्ममधून नको: जोडलेलं टेबल थेट उघडून एक ओळ पुसून बघा. सर्व्हरकडून २२९ एरर (परवानगी नाही) आली पाहिजे.