शॅमरॉक : सोयाबीनपासून टेलर स्विफ्टपर्यंत

तुम्ही एकात दोन प्रश्न विचारलेत. टेलर स्विफ्टने २०२५ मध्ये आपली जुनी गाणी जिच्याकडून परत विकत घेतली ती शॅमरॉक कंपनी मुळात कुणाची, हा पहिला. आणि तुम्ही नाशिकमधले पाच-सहा मित्र पैसे जमवून भक्तिगीतांच्या एका जुन्या कॅसेट कंपनीचे हक्क घ्यायचं म्हणताय, तर असा धंदा जमेल का, हा दुसरा. मी पेशाने सीए, आता निवृत्त. व्हिडिओ पार्लरवाले, केबलवाले आणि एक-दोन थिएटरं यांची खाती मी बरीच वर्षं लिहिली. पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण दुसऱ्याचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

शॅमरॉकचा डिस्नेशी संबंध आहे, आणि तो रक्ताचा आहे. वॉल्ट डिस्नेच्या थोरल्या भावाचं नाव रॉय. स्टुडिओची पैशाची बाजू तो बघायचा. त्याचा मुलगा रॉय ई. डिस्ने, म्हणजे वॉल्टचा पुतण्या. वॉल्ट गेल्यावर काही वर्षांत सूत्रं हळूहळू त्याच्या जावयाकडे, रॉन मिलरकडे, सरकत गेली. पुतण्याला तिथे फारसं कुणी विचारेना. जावई विरुद्ध पुतण्या हे प्रकरण आपल्या मेन रोडवरच्या कुठल्याही पेढीत न सांगता समजेल. १९७७ मध्ये या धाकट्या रॉयने स्टुडिओतली नोकरी सोडली, संचालक मंडळावर मात्र राहिला. आणि १९७८ मध्ये घरचा पैसा गुंतवायला शॅमरॉक काढली. शॅमरॉक म्हणजे आयर्लंडचं ते तीन पानांचं चिन्ह. डिस्ने घराणं मूळचं आयरिश. रॉयचा वकील स्टॅन्ली गोल्ड पुढे ही कंपनी चालवू लागला.

शॅमरॉक खासगी कंपनी. खासगी म्हणजे काय, तर शेअर बाजारात नाव नाही, दर तिमाहीला आकडे जाहीर करायची सक्ती नाही. घरची पेढीच म्हणा. सुरुवातीला त्यांचा ओढा रेडिओ आणि टीव्ही स्टेशनांकडे होता. यात डोकं होतं. तिकडे स्टेशन चालवायला सरकारी परवाना लागतो, एका गावात लहरी मोजक्याच, आणि एका मालकाने किती स्टेशनं ठेवायची यालाही तेव्हा मर्यादा होती. निवेदक बदलतो, गाणी जुनी होतात, परवाना मात्र जागच्या जागी राहतो आणि त्याचा भाव वाढत जातो. ही स्टेशनं शॅमरॉकने बरीच वर्षं सांभाळली आणि रेडिओचा धंदा १९९६ मध्ये चॅन्सलर नावाच्या कंपनीला विकला.

मधल्या काळातली १९८४ ची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्या मार्चमध्ये रॉयने डिस्नेच्या संचालक मंडळाचा राजीनामा दिला. तेवढ्यात सॉल स्टाइनबर्ग नावाचा सटोडिया डिस्नेचे शेअर गोळा करत ११ टक्क्यांच्या वर पोचला. (त्याच्या कंपनीचं नाव रिलायन्स. आपली नव्हे.) कंपनी ताब्यात घेऊन तुकड्यातुकड्याने विकायची, असा त्याचा बेत. जूनमध्ये डिस्नेने घाबरून सुमारे ३२ कोटी डॉलर मोजून त्याचे शेअर चढ्या भावाने परत घेतले. या प्रकाराला तिकडे ग्रीनमेल म्हणतात. धमकी देणारा पैसे घेऊन गेला, शेअरचा भाव पडला आणि साध्या भागधारकांच्या हाती धुपाटणं आलं. मग रॉय आणि गोल्ड यांनी जुळवाजुळव केली, टेक्सासच्या धनाढ्य बास बंधूंचं बळ मागे आलं, आणि सप्टेंबरमध्ये जावईबापू घरी गेले. पॅरामाउंट स्टुडिओतून मायकल आयझनर प्रमुख म्हणून आले, त्यांच्या जोडीला फ्रँक वेल्स. हे वेल्स एकेकाळी गोल्डच्याच वकिली फर्ममध्ये होते, हे विसरू नका. रॉय परतला आणि ॲनिमेशन विभाग त्याच्याकडे गेला.

इथपर्यंत वाचून शॅमरॉक म्हणजे मनोरंजनाचं घर वाचवणारी देवमाणसं असं वाटेल. तसं काही नाही. याच कंपनीने त्याच दशकात सेंट्रल सोया नावाची सोयाबीन प्रक्रिया करणारी कंपनी घेतली आणि १९८७ मध्ये इटलीच्या फेरुझी समूहाला फायद्यात विकली. आपल्याकडे लासलगावात कांदा आणि सोयाबीन दोन्हीत हात असलेले व्यापारी असतात, तसंच. पुढच्या वर्षी तर शॅमरॉक पोलरॉइड कॅमेऱ्याच्या कंपनीवर चालून गेली. पोलरॉइडने जवळपास १४ टक्के शेअर कामगारांच्या ट्रस्टला देऊन वाट अडवली. प्रकरण डेलावेअरच्या कोर्टात गेलं आणि १९८९ मध्ये कोर्टाने पोलरॉइडच्या बाजूने कौल दिला. चार वर्षांपूर्वी स्टाइनबर्गवर चिडलेली हीच मंडळी. मला यात ढोंग दिसत नाही, धंदा दिसतो. पण अशा कंपन्यांविषयी वाचताना 'कलेवरच्या प्रेमापोटी' असे शब्द आले की मी पान उलटतो.

२००३ च्या शेवटी रॉय आणि गोल्ड पुन्हा भांडून डिस्नेच्या मंडळातून बाहेर पडले. या वेळी भांडण त्यांनीच आणलेल्या आयझनरशी. २००४ च्या भागधारकांच्या सभेत ४३ टक्के मतं आयझनरच्या विरोधात राहिली, त्याचं अध्यक्षपद गेलं आणि पुढच्या वर्षी त्याने कंपनीही सोडली. रॉय डिसेंबर २००९ मध्ये वारला.

त्यानंतरची शॅमरॉक वेगळी आहे, आणि तुम्हाला समजून घ्यायची ती हीच. आता ती डिस्ने कुटुंबाची राहिलेली नाही, तिथल्या भागीदारांची आहे आणि दुसऱ्यांचा पैसा गुंतवते. अशा फंडाची ठोकळ रीत अशी: पेन्शन फंड, विद्यापीठं असे मोठे लोक साधारण दहा वर्षांसाठी रक्कम देतात, चालवणारे वर्षाला दोनेक टक्के फी घेतात आणि ठरलेल्या परताव्याच्या वर जो नफा होईल त्यातला पाचवा हिस्सा ठेवतात. म्हणजे घेतलेली वस्तू त्यांना कधी तरी विकावीच लागते. घरची पेढी पिढ्यान् पिढ्या थांबू शकते, फंड थांबू शकत नाही.

आता गाणी. रेकॉर्ड झालेल्या ध्वनीचा हक्क, ज्याला मास्टर म्हणतात, तो वेगळा. शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा. स्विफ्टच्या पहिल्या सहा अल्बमचे मास्टर तिच्या रेकॉर्ड कंपनीकडे होते. २०१९ मध्ये स्कूटर ब्राऊन या गायकांचे व्यवहार बघणाऱ्या मॅनेजरने ती कंपनीच घेतली आणि २०२० मध्ये मास्टर शॅमरॉकला विकले. किंमत ३० कोटी डॉलरच्या वर असल्याच्या बातम्या होत्या. गाणी मात्र तिने स्वतः लिहिलेली, तेव्हा शब्द-सुरांची बाजू तिच्या हातात. सिनेमात किंवा जाहिरातीत गाणं वापरायचं तर दोन्ही परवानग्या लागतात. तिने नकार देत राहायचं ठरवलं तर मास्टरवाला हात चोळत बसणार. वर तिने तीच गाणी नव्याने गाऊन २०२१ ते २०२३ मध्ये चार अल्बम काढले. श्रोते तिकडे वळले. शॅमरॉकने भागीदारी देऊ केली होती. पण व्यवहारातून ब्राऊनला पुढेही पैसे मिळत राहणार हे कळल्यावर तिने नाही म्हटलं. शेवटी मे २०२५ मध्ये सगळं तिनेच घेतलं, आणि शॅमरॉकने सरळ वागणूक दिली असं जाहीरपणे लिहिलंही.

फाळक्यांची आठवण येतेच. १९१८ मध्ये दादासाहेबांनी मुंबईच्या भांडवलदार भागीदारांबरोबर नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी केली. पैसा त्यांचा, अक्कल यांची. खर्चावरून खटके उडाले, दादासाहेब कंपनी सोडून काशीला गेले, आणि परत आले तेव्हा मालकीचा वाटा सोडून पगारावर आले. चित्रपट कंपनीचेच राहिले. पांडवलेण्याच्या पायथ्याला त्यांचं स्मारक आहे, तिथे गेलं की मला पहिला विचार हाच येतो की त्या भागीदारीच्या कागदात काय लिहिलं असेल.

माझा स्वतःचा धडा याहून बराच बारीक आहे. पंचवटीत एक केबलवाला माझा अशील होता. जिन्याखालच्या खोलीत डिश रिसीव्हरची चळत, पंखा सदा चालू आणि कोपऱ्यात दोन वह्या. निळ्या पुठ्ठ्याची वही करमणूक कर खात्यासाठी आणि वरच्या मोठ्या केबल कंपनीसाठी, तिच्यात चारशेच्या आसपास जोडण्या. लाल पुठ्ठ्याची खरी, तिच्यात नऊशेच्या वर. लाल वहीत त्याची आई पेन्सिलीने वसुलीच्या खुणा करायची. मी बजावून थकलो. तो हसून म्हणायचा, 'साहेब, सगळेच असं करतात.' खरंही होतं ते. मग एके दिवशी एक मोठी कंपनी गावातले छोटे केबलवाले विकत घ्यायला आली. भाव जोडणीमागे होता. याने लाल वही पुढे केली. त्यांच्या माणसाने शांतपणे विचारलं, 'कर कितीचा भरलाय?' पैसे निळ्या वहीप्रमाणे मिळाले. तारा, खांब, गिऱ्हाइकं मात्र नऊशेची गेली.

आता तुमचा व्यवहार. कॅसेट कंपनीचे मालक तुम्हाला पेट्या भरून मास्टर टेप दाखवतील. टेप म्हणजे हक्क नव्हे. प्रत्येक गाण्यामागे गायक, कवी, संगीतकार यांच्याशी झालेला लेखी करार आहे का, ते बघा. आपल्या कायद्यात हक्क सोपवल्याचा कागद लेखी आणि सहीचा लागतो. मे १९९५ नंतरच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षंच धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत; त्याआधीच्या करारांना हा नियम लागत नाही. म्हणजे २००० च्या कागदावर मुदत नसेल तर २००५ नंतर विकणाऱ्याकडे काय उरलंय, हे आधी वकिलाकडून तपासून घ्या. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. शब्द आणि चाल यांचा कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. संतांच्या अभंगांच्या शब्दांवर अर्थात कुणाचीच मालकी नाही, चालीवर मात्र असू शकते. २०१२ च्या दुरुस्तीमुळे कवी आणि संगीतकार यांचा रॉयल्टीचा वाटा सहसा लिहून घेता येत नाही, तो तुमच्या हिशोबातून वजा करा. त्याच दुरुस्तीनंतरच्या करारांत, सही करताना जे माध्यम नव्हतंच किंवा व्यापारी वापरात नव्हतं, ते आपोआप येत नाही.

आणि उत्पन्न. विकणारा म्हणेल, आषाढीला यूट्यूबवर लाखोंनी ऐकतात. ऐकत असतील. गेल्या तीन वर्षांची बँक स्टेटमेंटं आणि आयकर विवरणपत्रं मागा, आणि भाव त्यावरच ठरवा. तोंडी आकड्यावर नको.

मित्रांमध्येही एक कागद करा: कुणी किती घातले, पैसे कधी काढता येतील, एकाला बाहेर पडायचं झालं तर त्याचा वाटा कोण आणि कुठल्या भावाने घेणार. भागीदारी फर्मऐवजी एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) केलीत तर देणी घरादारापर्यंत सहसा येत नाहीत. त्या कॅसेट कंपनीचे करार हातात आले की नावं झाकून इथे टाका. आधी गाण्यांची यादी जोडलेलं शेवटचं पान टाका. बहुतेक वेळा तेच हरवलेलं असतं.