नेपाळ यात्रा आणि तिकडची गडबड : एजंटच्या शब्दावर आई-बाबांना पाठवू नका

दारव्ह्याकडच्या ताईंची पोस्ट वाचली. आई-बाबा गावातल्या मंडळीसोबत काठमांडू-पोखरा-मुक्तिनाथ करायला निघणार, २०२५ च्या सप्टेंबरातले तिथल्या जाळपोळीचे व्हिडिओ पाहून तुम्ही घाबरलात, "पुन्हा तसं झालं तर काय" म्हणून विचारलं, आणि एजंट म्हणतो, "काही होत नाही ताई, आमची माणसं आहेत तिकडे." आम्हालाही हेच ऐकवलं होतं, जवळपास याच शब्दांत. म्हणून लांबलचक लिहितोय, कंटाळा आला तर एजंटकडून काय लेखी घ्यायचं, कोणती यादी मागायची, तो भाग तेवढा वाचा.

पाणी उकळून प्या, अंगावर सोनं नेऊ नका, हे सांगत बसत नाही. मी ट्रॅव्हलवाला नाही आणि वकीलही नाही, वाशिम जिल्ह्यातला सोयाबीन-तूरवाला माणूस आहे. त्या आठवड्यात बायकोसह काठमांडूत अडकलो होतो, एवढाच माझा अधिकार. नियम बदलत असतात, निघायच्या आधी स्वतः खात्री करून घ्या.

पोळा झाल्यावर निघालो होतो. घरचे गणपती पोराच्या हवाली केले, सोयाबीन सोंगणीला वेळ होता. काशी, अयोध्या, गोरखपूर आणि मग सुनौलीहून नेपाळ. तिथं सगळं शांत. पहिली गडबड झाली ती फोनची. ४ सप्टेंबरला तिथल्या सरकारनं फेसबुक, व्हॉट्सॲप, यूट्यूब धरून २६ ॲपवर बंदी घातली. आमच्या गटातल्या निम्म्या लोकांना घरी बोलायचं म्हणजे व्हॉट्सॲपवर बोलायचं एवढंच माहीत. ते बंद, आणि इकडचं सिम रोमिंगशिवाय तिकडे मुकं. म्हणजे दंगल व्हायच्या आधीच गावाकडे लोकं काळजीत. ८ तारखेला पोरं रस्त्यावर उतरली, गोळीबारात एका दिवसात १९ जण गेले. रात्री बंदी उठवली, पण तोवर उशीर झाला होता. ९ तारखेला पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला, संसद जळली, सिंहदरबार म्हणजे तिथलं मुख्य सरकारी कार्यालय जळलं, दुपारनंतर विमानतळ बंद. आम्ही पशुपतिनाथाजवळ गौशाळा भागात धर्मशाळेत होतो. गच्चीवरून चारी बाजूंनी धूर दिसायचा.

पण ताई, खरं सांगू का, आंदोलकांनी आम्हाला काहीच केलं नाही. खालच्या चहावाल्यानं शटर अर्धं उघडून दूध दिलं, औषधवाल्यानं हिच्या बीपीच्या गोळ्या दिल्या. आम्हाला त्रास झाला तो आपल्याच तालुक्याच्या गावातल्या त्या टूरवाल्या कार्यालयाचा. नाव लिहीत नाही, उगाच भांडण नको.

सुनौलीलाच त्यांच्या मॅनेजरनं सगळ्यांची मूळ मतदान कार्डं गोळा केली. "परवान्याला लागतात, हॉटेलात एंट्रीला लागतात, तुमच्याजवळ हरवतील." दोघा-तिघांनी परत मागितली तर म्हणे ऑफिसचा नियमच आहे, बसमध्ये बसायचं असेल तर द्या. एका रेक्झिनच्या बॅगेत चाळीसेक माणसांची ओळख. ती बॅग मॅनेजरजवळ आणि मॅनेजर दुसऱ्या बॅचसोबत ठमेलच्या हॉटेलात. गौशाळा ते ठमेल अंतर जेमतेम चार-पाच किलोमीटर. एरवी रिक्षानं जाऊन येता आलं असतं. ९ च्या रात्री सैन्यानं संचारबंदी लावली आणि ते चार-पाच किलोमीटर म्हणजे दुसरा देश झाला.

आमच्यातल्या एका आजींनी मात्र कार्ड दिलंच नव्हतं. "नाही देत बाप्पा मी माह्यं कार्ड कोणाले," म्हणून बटव्यात घालून कमरेला खोचलं. मॅनेजर चिडला, सगळे हसले. पुढं त्या एकट्याच अशा होत्या की ज्यांना कोणत्याही क्षणी निघता आलं असतं. पण एकटी म्हातारी कुठं जाणार? आमच्यासाठी थांबल्या.

लैंचौरला आपला दूतावास आहे. त्यांनी मदतीचे नंबर जाहीर केले होते, बऱ्याच वेळानं फोन लागला. तिकडच्या माणसानं नीट विचारलं : किती जण, कुठं, प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक. क्रमांक बॅगेत! कोणाजवळ झेरॉक्स नाही, मोबाइलमध्ये फोटो असला तर तोही आधारचा. नावं सांगितली, तीही घाईत, अर्धी चुकली असतील.

इकडे पोरगा तालुक्याला त्या कार्यालयात गेला. मालकानं पाणी दिलं, चहा सांगितला, म्हणे, "यादी वर पाठवली आहे, कलेक्टर ऑफिसला पण दिली, तुम्ही निश्चिंत राहा." पोरगा तसाच जिल्हा कचेरीत गेला. तिथल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षातल्या बाईंनी रजिस्टर उघडून दाखवलं. बाकी गटांची नावं होती, आमचा गटच नव्हता. रात्री कसाबसा फोन लागला तर पोरगा म्हणतो, "बाबा, तिथं म्हणून रायले का तुमची यादी आलीच नाही." मग त्यानं गावातल्या घरोघरी फिरून नावं, वय, फोन लिहून घेतले, दुसऱ्या दिवशी नेऊन दिले. हे काम त्या कार्यालयाचं होतं. पैसे त्यांनी त्याचेच घेतले होते. नंतर विचारलं तर म्हणे कॉम्प्युटरवाला सुट्टीवर होता.

१० च्या संध्याकाळी विमानतळ उघडला, संचारबंदीत मधूनमधून सवलत मिळू लागली, धर्मशाळेतले बाकीचे गट हलले. काही विमानानं गेले, काही सैन्याला कार्डं दाखवत रस्त्यानं. आमच्या वयाच्यांना विमानाला मूळ पासपोर्ट किंवा मूळ मतदान कार्ड लागतं, फोटो चालत नाही. आम्ही बॅगेची वाट पाहत बसलो. मॅनेजरचा फोन बंद, मालक म्हणतो "निघाला आहे, पोचतोच". बॅग आली तेव्हा १२ तारखेला हंगामी पंतप्रधान म्हणून सुशीला कार्कींचा शपथविधीही होऊन गेला होता. त्या जादा रात्रींचं भाडं आमच्याकडूनच घेतलं, वर बसवाल्याचे वेगळे.

म्हणून तुमच्या एजंटला बाकी काही विचारू नका, दोन गोष्टी मागा. एक, प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र त्याच्या स्वतःच्या अंगावर राहील असं व्हॉट्सॲपवर लेखी. परवान्याला झेरॉक्स द्या, एंट्रीला मूळ दाखवून परत घ्या. दोन, पूर्ण गटाची यादी निघायच्या आधी तुमच्या हातात : नाव, वय, ओळखपत्र क्रमांक, घरचा फोन, कोणत्या तारखेला कोणतं हॉटेल, त्याचा लँडलाइन, बसचा नंबर, ड्रायव्हरचा फोन. गटातल्या चार वेगवेगळ्या घरी तिची प्रत ठेवा. वेळ आलीच तर एजंटला न विचारता थेट जिल्हा नियंत्रण कक्षाला कळवा, १०७७ नंबर आहे. यादी मागितल्यावर जो "करून टाकू नं ताई" म्हणतो, त्याच्यासोबत आई-बाबांना पाठवू नका. हे माझं मत आहे, जरा कडकच आहे.

जायचं की नाही, हे त्याला ठरवू देऊ नका. त्याचे हॉटेलवाल्याकडे पैसे अडकलेले असतात, तो "जा" च म्हणणार. परराष्ट्र मंत्रालयाची किंवा दूतावासाची सूचना पाहा. ९ सप्टेंबरला मंत्रालयानं स्पष्ट सांगितलं होतं की नेपाळचा प्रवास पुढं ढकला आणि तिथं असलेल्यांनी आहे तिथंच थांबा. अशी सूचना आली असेल तर पैसे बुडाले तरी जाऊ नका. सूचना नसेल, नुसती टीव्हीवरची ओरड असेल, तर जायला हरकत नाही. आमच्या चॅनेलवाल्यांच्या भरवशावर राहिलं तर माणूस अकोल्यालाही जाणार नाही.

विम्याबद्दल विचारलं होतं. पॉलिसीत दंगल, नागरी अशांतता हे वगळलेलं आहे का ते बारीक अक्षरात वाचा. बऱ्याच ठिकाणी वगळलेलं असतं, आणि सरकारी सूचना निघाल्यावर घेतलेल्या पॉलिसीतून तर सहसा काही हाती लागत नाही.

तिकडे असताना गडबड झालीच तर खोलीत बसणं हेच बरं. लोकांना वाटतं लवकर निघावं, सीमेवर पोचावं. ९ तारखेला रस्त्यावर निघालेल्यांनाच जास्त त्रास झाला. गर्दीचा व्हिडिओ काढू नका, राजकारणावर हॉटेलातल्या पोराशीसुद्धा बोलू नका. आणखी एक, मोठं चकचकीत हॉटेल म्हणजे सुरक्षित असं नाही. त्या दिवशी हिल्टन जळालं, आणि दुसऱ्या एका मोठ्या हॉटेलच्या आगीतून निसटताना एका भारतीय बाईचा जीव गेला. आमची धर्मशाळा कोणाच्या डोळ्यात येण्यासारखीच नव्हती. खोली खालच्या मजल्यावर मागा आणि मागचा जिना कुठं उतरतो ते पहिल्याच दिवशी पाहून ठेवा.

फोनचं एवढं करा : दोघांपैकी एकाच्या सिमला इथूनच रोमिंग चालू करून पाठवा. विमानाचं तिकीट ऐनवेळी काढायचं तर बँकेचा ओटीपी त्याच सिमवर येतो, रोमिंग नसेल तर पैसे असून तिकीट नाही. दुसऱ्याला तिकडचं सिम घेऊ द्या. आणि रोज ठरल्या वेळी साधा कॉल, व्हॉट्सॲप नाही. २०२४ च्या जुलैत बांगलादेशात तर इंटरनेटच पूर्ण बंद केलं होतं. आमच्या शेजारच्या गावातली एक पोरगी तिथं एमबीबीएसला होती, साध्या कॉलवर तिच्या बापाशी दिवसातून एकदा बोलणं व्हायचं तेवढंच. ती आखाउड्याहून सीमा ओलांडून त्रिपुरातल्या आगरतळ्याला निघाली, वर्गातल्या काही पोरी मेघालयातल्या डावकीच्या बाजूनं आल्या. तिच्या कॉलेजनं मात्र पोरांची यादी तिथल्या आपल्या उच्चायुक्तालयाला आधीच दिली होती.

रोख रक्कम दोघांजवळ वेगवेगळी ठेवा, शंभराच्या नोटांत. मोठ्या भारतीय नोटांचा नियम तिकडे बदलत राहिला आहे, दुकानदार नाही म्हणाला तर वाद घालता येत नाही. आपल्या शंभराचे तिकडचे १६० होतात, यापेक्षा कमी देणाऱ्याकडून बदलून घेऊ नका. यूपीआय चालतं काही ठिकाणी, पण संचारबंदीत दुकानच बंद तर स्कॅन काय करणार? गोळ्या ठरल्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त द्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट.

विषय सोडून एक सांगतो, कारण व्हिडिओ पाहून लोकं आंदोलनालाच भितात. २०२४ च्या ऑगस्टात तनहुँ जिल्ह्यात बस मर्स्यांग्दी नदीत कोसळून आपल्या जळगाव जिल्ह्यातले पंचवीसेक भाविक गेले. त्याच पावसाळ्यात, जुलैत, नारायणघाट-मुग्लिन रस्त्यावर दरड येऊन दोन बसा त्रिशूलीत गेल्या. पोखऱ्याच्या या रस्त्यांवर पावसाळ्यात रात्रीचा प्रवास ठेवणाऱ्या एजंटला मी दंगलीपेक्षा जास्त घाबरतो. कार्यक्रमपत्रिकेत "रात्रभर प्रवास" दिसला तर तारीख बदलून घ्या, दिवाळीनंतरची घ्या.

पैसे देताना बँकेतून द्या, कच्ची पावती घेऊ नका. आमच्याजवळ कच्चीच होती, म्हणून तो मालक आजही निवांत आहे. तुमच्याजवळ पक्की असेल आणि सेवा दिली नाही तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार करता येते, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत २ वर्षं. आमच्यातल्या एकानं अर्ज केला आहे, निकाल लागला की इथं सांगतो.

शेवटचं म्हणजे तुम्ही लिहिलं की आईचं वय ६१ आणि "आधार आहेच". ६१ ला आधारवर नेपाळ होत नाही. १५ च्या आतले आणि ६५ च्या वरचे यांनाच ते चालतं, बाकीच्यांना पासपोर्ट किंवा मतदान कार्ड. मतदान कार्डावर आईचं नाव आणि फोटो नीट आहे का ते आजच काढून पाहा. आमच्या गटात दोघींच्या कार्डावर माहेरचं आडनाव होतं आणि सुनौलीला तासभर उन्हात उभं केलं. चूक असेल तर दुरुस्तीचा फॉर्म ८ भरून बीएलओकडे, म्हणजे मतदार यादीचं काम पाहणाऱ्या गावातल्या कर्मचाऱ्याकडे द्या, ऑनलाइनही होतो. नवं कार्ड हातात पडायला वेळ लागतो, तेव्हा आधी तारीख पक्की करून मग कार्ड असं करू नका.