बुरशीचा मका आणि कोंबड्यांचे काळीज

प्रश्न : डॉक्टरबाई, आमच्याकडे सत्तरी तालुक्यात २५० गावठी कोंबड्या आहेत. मृगाआधी घाटावरून मका आणून पोती पडवीत रचली होती. चवथीपासून अंडी निम्म्यावर आली, कोंबड्या पिसे फुलवून बसतात, ९ मेल्या. एक कापून पाहिली तर काळीज पिवळे. दुकानदाराने वनौषधींचे लिव्हर टॉनिक दिले आहे. खालची पोती हिरवट झाली आहेत. मका वाळवून टॉनिकसोबत घालू का? घरची हळद, भुईआवळा चालेल? की तो मका बदकांना घालू?
– एक वाचक भगिनी, सत्तरी

उत्तर : ताई, तो मका आजपासून बंद करा. बदकांना तर मुळीच नको. अशी बुरशी दाण्यात अफलाटॉक्सिन नावाचे विष सोडू शकते, आणि या विषापुढे बदके आणि टर्की कोंबड्यांपेक्षाही नाजूक. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की मेल्या, तेव्हा ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीतली बुरशी सापडली आणि अफलाटॉक्सिनची ओळख पटली. गाईलाही घालू नका, ते दुधात उतरते.

वाळवल्याने बुरशीची वाढ थांबते, पण तिने आधीच सोडलेले विष दाण्यात तसेच राहते. शिजवूनही जात नाही. आपल्या मानकांत कोंबडीखाद्यात किलोमागे २० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे, म्हणजे टनात २० मिलीग्रॅम. एवढ्याशा विषाला रंग नसतो, वास नसतो. म्हणून वरची पोती स्वच्छ दिसली तरी माझा त्यांच्यावर भरवसा नाही.

आता वनस्पतींविषयी. अफलाटॉक्सिन पोटात जाते तेव्हा जेवढे घातक असते, त्याहून घातक ते काळजात होते. तिथली विकरेच (एन्झाइम) त्याचे रूप बदलतात. हळदीतले कर्क्युमिन या कामाला आळा घालते आणि काळजाची स्वतःची संरक्षक द्रव्ये टिकवते. मिसुरी विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये ब्रॉयलर पिल्लांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. खाद्यात अर्धा टक्का हळदपूड घातल्यावर विषाचा त्रास कमी झाला, पण पुरता गेला नाही. तुमच्या कुळागरातल्या हळदीची पाने पातोळ्यांना गेली असतील. गड्डे खणून, उकडून, वाळवून दळा आणि किलोभर खाद्याला ५ ग्रॅम या हिशेबाने मिसळा. बाजारातली भडक पिवळी पूड नको, तिच्यात शिसे असलेल्या रंगाची भेसळ असू शकते.

भुईआवळा आणि आपले कडू किरायते यांची काळजासाठी ख्याती आहे, आणि बहुतेक लिव्हर टॉनिकांत ती असतात. बाटलीवर लिहिलेल्या मात्रेत द्या, माझी हरकत नाही. पण अंगणातला पाला अंदाजाने चुरून घालू नका. कडूपणामुळे कोंबड्या खाणेच कमी करतील.

हे मी इतके ठासून सांगते, कारण नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यात पेडण्यातल्या एका घरी मी टॉनिक लिहून दिले आणि खाद्याची खोली न पाहताच परतले. आठवड्याने गेले तेव्हा निम्मा खुराडा रिकामा होता. खोलीत पेंडीची पोती भिंतीला टेकून ओली झाली होती. त्या घरची म्हातारी मला काही बोलली नाही, तेच आजही सलते.

दवाखान्यातून टॉक्सिन बाइंडर मागा. बेंटोनाइटसारखी माती अफलाटॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवते. सगळ्या बुरशींच्या विषांवर मात्र ती चालत नाही.

पिवळे काळीज पाहून निदान पक्के होत नाही. अंगात चरबी साठली तरी काळीज पिवळे दिसते, आणि अंड्यावरच्या कोंबडीत हे नेहमीचे. यापुढे मेली तर ती बर्फात ठेवून त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, सोबत खालच्या पोत्यातला मूठभर मका कागदी पिशवीत. मेलेल्या किंवा आजारी कोंबडीचे काळीज घरात कुणी खाऊ नये. रानीखेतची लस टोचायची असेल तर डॉक्टरांना हे सगळे आधी सांगा. या विषाने प्रतिकारशक्ती खचते आणि लस नीट लागत नाही.

पुढच्या वर्षी पावसाळ्याचा साठा एकदम भरू नका, पंधरा दिवसांचाच आणा. दाणा दाताखाली कडक फुटला पाहिजे. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा.

खाद्य बदलल्यापासून रोजची अंडी वहीत मांडा आणि तीन आठवड्यांनी ते आकडे मला कळवा.