रात्री फोन कोण उचलतं, ते आधी विचार

सप्रेम नमस्कार.

उपचारात्मक फॉस्टर केअर चालवणाऱ्या संस्थांना बळ देणाऱ्या शिखर संस्थेत तू रुजू झालीस, याचा मनापासून आनंद झाला. तू पाठवलेला वर्षाचा आराखडाही वाचला. दोन परिषदा, एक माहितीपुस्तिका, नवं संकेतस्थळ आणि ‘उत्कृष्ट फॉस्टर पालक’ पुरस्कार. यात वाईट काहीच नाही गं, पण शनिवारी रात्री एखाद्या घरात मुलाने दार आपटून फोडलं, तर यातलं काय कामाला येईल ते मला दिसेना.

साध्या फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे मूल काही काळ दुसऱ्या कुटुंबात ठेवतात तेव्हा, त्याला सुरक्षित घर मिळतं आणि उपचार लागलेच तर ते बाहेर होतात. उपचारात्मक फॉस्टर केअरमध्ये घर हीच उपचाराची जागा आहे. येणारं मूल बहुतेकदा आधीच्या काही घरांतून परत पाठवलेलं असतं, कधी सामूहिक निवासातून, कधी मनोरुग्णालयातून आलेलं. पालकांना खास प्रशिक्षण असतं, पाठीशी थेरपिस्ट आणि केस वर्कर, म्हणजे त्या मुलाचा पाठपुरावा करणारं संस्थेचं माणूस, असतात. घराला संस्थेने सावरायचं आणि संस्थेला तू. म्हणून कुठल्याही संस्थेत गेलीस की पहिल्यांदा हेच विचार, की रात्री पालकाने फोन केला तर तो कोण उचलतं? ‘आमची हेल्पलाइन आहे’ असं उत्तर आलं तर तिथे थांबू नकोस. उचलणाऱ्या माणसाला ते मूल ठाऊक असतं का, हेही विचार. ज्याला त्या मुलाचं नावही फाइल उघडून बघावं लागतं, तो फार तर ‘पोलिसांना बोलवा’ एवढंच सांगू शकतो.

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात पॅट्रिशिया चेंबरलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्ये जे प्रारूप सुरू केलं, त्यातला मला सगळ्यात आवडणारा भाग दिसायला अगदी साधा आहे. सोमवार ते शुक्रवार रोज पालकांना एक फोन जातो. ठरलेली यादी असते. काल वाद घातला का? खोटं बोलला का? काही फोडलं का? रडला का? प्रत्येक गोष्ट घडली की नाही एवढंच सांगायचं आणि घडली असेल तर त्याचा ताण आला का, तेही. ‘हो, वाद घातला, पण आता त्याचं काही वाटत नाही’ आणि ‘हो, वाद घातला आणि मी न्हाणीघरात जाऊन रडले’ या दोन उत्तरांत जो फरक आहे, तो महिन्यातून एकदा येणाऱ्या केस वर्करला कधीच कळत नाही. रोजच्या फोनमुळे घर मोडायच्या कितीतरी आधी सुगावा लागतो. 2006 च्या त्यांच्या अभ्यासात साध्या फॉस्टर घरांमध्ये आणि नातेवाइकांच्या घरांमध्ये असं दिसलं, की दिवसाला सहापर्यंत त्रासदायक वागणुकी घर झेलतं. त्यापुढे मात्र मूल त्या घरातून हलवलं जाण्याचा धोका वाढत जातो. या फोनला यंत्रसामग्री काहीही लागत नाही. रोज वेळेवर फोन करणारं आणि ऐकलेलं त्याच दिवशी टीमपर्यंत पोचवणारं एक माणूस लागतं.

आणि नेमकं तेच माणूस संस्थेकडे टिकत नाही. पगार कमी, हाताखाली मुलं जास्त, वर कागदपत्रांचा डोंगर. केस वर्कर सोडून गेली की मुलाच्या लेखी आणखी एक मोठं माणूस निघून गेलं, आणि पालकांना सगळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते. ओरेगॉनच्या प्रारूपात एका टीमकडे साधारण दहाच मुलं असतात आणि एका घरात सहसा एकच. हा आकडा खर्चाच्या कारणाने वाढवायचा मोह प्रत्येक संस्थेला होतो. तो आवरायला तिला मदत करणं हे तुझं काम. देणगीदाराला ‘केस वर्करचा पगार’ या शब्दांत काही आकर्षक दिसत नाही, हे मला माहीत आहे. तरी तेच मागायचं.

पुराव्याबद्दल तू लिहिलं आहेस, ‘हे सिद्ध झालेलं आहे असं ठामपणे सांगू या.’ जरा जपून. 1998 मध्ये चेंबरलेन आणि रीड यांनी गुन्हेगारीत अडकलेल्या 79 मुलग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून काही मुलं या घरांत आणि काही सामूहिक निवासात गेली. घरांत राहिलेल्यांच्या नावावर पुढे कमी गुन्हे लागले. पण इंग्लंडमध्ये हेच प्रारूप राबवल्यावर 2014 मध्ये जे मूल्यमापन आलं, त्यात नेहमीच्या व्यवस्थेपेक्षा एकंदर फायदा दिसला नाही. ज्यांची वागणूक जास्त समाजविघातक होती त्यांना उपयोग झाल्यासारखा दिसला, बाकीच्यांची प्रगती उलट कमी झाली. म्हणजे मुलांची निवड चुकली तर उत्तम घरही वाया जातं. ‘जागा रिकामी आहे, पाठवा’ या दडपणाला नाही म्हणता येणं हे संस्थेचं बळ, आणि ते तुमच्या पाठिंब्यावाचून तिला परवडत नाही.

पैशांचं थोडक्यात सांगते, कारण ते तू कामातच शिकशील. अमेरिकेत मुलाच्या राहण्या-जेवण्याचा खर्च बालकल्याणाच्या निधीतून येतो आणि उपचाराचा भाग बऱ्याचदा मेडिकेडमधून, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यातून. दोन्हीकडचे कागद, नियम आणि तपासण्या वेगळ्या. छोट्या संस्थेत ही बिलं बहुधा संचालकच रात्री बसून करते. त्यात 2018 च्या ‘फॅमिली फर्स्ट’ कायद्याने, काही अपवाद सोडले, तर सामूहिक निवासासाठीचा केंद्राचा निधी दोन आठवड्यांवर आणून ठेवला. हेतू चांगलाच होता, मुलं घरांत वाढावीत. पण जी मुलं निवासात राहिली असती, ती आता याच संस्थांच्या दारात येणार, आणि कायदा नवी घरं काही जन्माला घालत नाही. चार-पाच छोट्या संस्थांना मिळून बिलांचं काम करणारा एक जाणकार माणूस तुम्ही नेमलात, तर तुमच्या दोन्ही परिषदांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल असं माझं स्पष्ट मत आहे.

नवीन पालक कसे मिळवायचे, असंही विचारलं आहेस. जाहिराती कर, पण खरी भरती जुने पालकच करतात. शेजारीण विचारते, ‘कसं चाललंय?’ त्यावर फॉस्टर आई काय सांगते, तेवढ्यावर पुढचं घर मिळतं किंवा हातचं जातं. म्हणून तिला विसावा मिळतोय ना, ते बघ. वॉशिंग्टन राज्यात 2004 मध्ये सुरू झालेलं ‘मॉकिंगबर्ड’ प्रारूप यासाठी जरूर अभ्यास. त्यात एक अनुभवी घर सहा ते दहा फॉस्टर कुटुंबांचं केंद्र बनतं. मुलं तिथे अधूनमधून मुक्कामाला जातात आणि त्या घराला ती ओळखत असतात, त्यामुळे विसाव्यासाठी त्यांना परक्या दारात सोडावं लागत नाही. पालकांनाही एकमेकांशी बोलायला जागा मिळते. पालकांचा थकवा घालवायला व्याख्यानं ठेवण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आणखी एक गोष्ट, जी आराखड्यात अजिबातच नाही. मूल परत ज्या घरी जाणार, त्या आईवडिलांचं किंवा आजीचं काय? फॉस्टर घरात सहा-नऊ महिने शिस्त बसली आणि मूळ घरात कुणालाच काही शिकवलं नाही, तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. ओरेगॉनमध्ये यासाठी स्वतंत्र फॅमिली थेरपिस्ट असतो. खर्चात कपात आली की हेच पद आधी जातं. ते वाचवायला भांड.

आता आराखड्याचं. पुरस्कार वगळ, त्यातून पालकांमध्ये रुसवेफुगवेच जास्त होतात. परिषद एकच ठेव आणि तिला येणाऱ्या फॉस्टर पालकांना प्रवासखर्च दे. त्या दोन दिवसांसाठी मुलांना सांभाळणारी ओळखीची घरं आधी ठरव, नाहीतर सभागृहात नुसते संचालकच बसलेले दिसतील. बिलांच्या माणसाचा प्रस्ताव मंडळापुढे ठेवण्याआधी मला पाठव, आकडे मी बघून देते.

तुझी,
ताई