वितंडवाद म्हणजे नेमका कोणता वाद?

शाळेत वादविवाद स्पर्धा घेणाऱ्या एका शिक्षिकेने विचारले आहे की, दूरचित्रवाणीवरील चर्चेत आरडाओरडा सुरू झाला की आपण त्याला वितंडवाद म्हणतो, तर वितंडवाद म्हणजे केवळ चढ्या आवाजातला वाद का. आणि न्यायशास्त्रातला, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रातला, असा जुना शब्द आजच्या मुलांना समजावून सांगण्यात काही हशील आहे का.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, वितंडेचा आवाजाशी काडीमात्र संबंध नाही. अत्यंत सौम्य स्वरात, समोरच्याला आदरार्थी संबोधत वितंडा करता येते. उलट एकमेकांवर खेकसणाऱ्या दोघा भावांचे भांडण शास्त्राच्या कसोटीवर निखळ वाद ठरू शकते.

हा शब्द अक्षपाद गौतमांच्या न्यायसूत्रांत अगदी पहिल्याच सूत्रात येतो. प्रमाण, प्रमेय, संशय, प्रयोजन, दृष्टान्त, सिद्धान्त अशा सोळा पदार्थांची, म्हणजे विचाराच्या विषयांची, यादी देऊन, त्यांच्या 'तत्त्वज्ञानाने' (खऱ्या ज्ञानाने) निःश्रेयस, म्हणजे परम कल्याण, साधते, असे ते सूत्र सांगते. याच यादीत पुढे वाद, जल्प आणि वितंडा हे तीन शब्द ओळीने आले आहेत. भाष्यकार वात्स्यायन या तिन्हींना मिळून 'कथा' म्हणतात. कथा म्हणजे येथे गोष्ट नव्हे, दोन पक्षांमधील रीतसर चर्चा. प्रमाण आणि तर्क यांच्या आधारे, आपल्या सिद्धान्ताला बाध न आणता, पक्ष आणि प्रतिपक्ष घेऊन जी चर्चा होते ती वाद. तीच चर्चा जिंकण्याच्या ईर्ष्येने, छल वगैरे डावपेचांची मुभा घेऊन केली की तो जल्प. आणि या जल्पातून प्रतिपक्षाची स्थापना वजा केली, म्हणजे समोरच्याचे खोडून काढायचे परंतु स्वतःचे काहीही मांडायचे नाही असे धोरण ठेवले, की ती वितंडा. सूत्राचे शब्द आहेत 'स प्रतिपक्षस्थापनाहीनो वितण्डा'. चरकसंहितेत वैद्यांनी आपसांत चर्चा कशी करावी याचे जे विवेचन आहे, त्यातही परपक्षाचे केवळ दोष दाखवणे हीच वितंडेची ओळख सांगितली आहे.

व्यवहारातले उदाहरण हवे असेल तर कोणत्याही गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचे घ्यावे. गच्चीवरची पाण्याची टाकी गळते आहे आणि सचिवांनी तीन कोटेशने मांडली आहेत. एक सभासद शांतपणे सांगतात की पहिले महाग आहे, दुसऱ्या कंत्राटदाराचा अनुभव कमी आहे आणि तिसऱ्याने हमीचा उल्लेखच केलेला नाही. तिन्ही आक्षेप खरे आहेत. मग काय करावे, असे विचारले की ते म्हणतात, "ते समितीने ठरवायचं, मी कशाला सांगू?" याला वितंडा म्हणतात. ते टाकी दुरुस्त करू नये असे म्हणाले असते, तर तो एक पक्ष झाला असता आणि त्यावर वाद करता आला असता.

मात्र एवढ्यावरून वितंडा म्हणजे दुर्गुण असे समजणे हा शब्दावर अन्याय होईल. न्यायसूत्रांच्या चौथ्या अध्यायात म्हटले आहे की, कोवळ्या रोपांच्या रक्षणासाठी काटेरी फांद्यांचे कुंपण घालावे तसे तत्त्वनिश्चयाच्या रक्षणासाठी जल्प आणि वितंडा असतात. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने तर 'विग्रहव्यावर्तनी' या ग्रंथात 'माझी प्रतिज्ञाच नाही, म्हणून मला दोषही लागत नाही' अशी भूमिका उघडपणे घेतली. आजच्या फौजदारी न्यायालयात आरोपीचा वकील पुष्कळदा हेच करतो. खून कोणी केला हे सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर नसते. सरकार पक्षाचा पुरावा अपुरा आहे एवढे दाखवले की त्याचे काम झाले. त्याला वितंडवादी म्हणून हिणवता येणार नाही.

राजकारणात हा शब्द सर्वाधिक ढिलाईने वापरला जातो. विरोधकांनी सरकारच्या धोरणातील चूक दाखवली की "तुमच्याकडे पर्याय काय?" असे विचारून त्यांना वितंडवादी ठरवले जाते. पूल चुकीच्या जागी बांधला जात आहे हे दाखवणाऱ्याने पुलाचा नवा आराखडा खिशात घेऊनच बोलावे, ही अपेक्षा मला तरी बरोबर वाटत नाही. पण पर्यायाचा प्रश्न नेहमीच फिजूल असतो असेही नाही. 17 एप्रिल 1999 रोजी लोकसभेत वाजपेयी सरकारचा विश्वासदर्शक ठराव 269 विरुद्ध 270 मतांनी फेटाळला गेला. सरकार पाडण्यापुरते एकत्र आलेल्यांना नवे सरकार मात्र बनवता आले नाही आणि देशाला निवडणुकीला सामोरे जावे लागले. जर्मनीने पहिल्या महायुद्धानंतरच्या वायमार प्रजासत्ताकाच्या काळात, एकमेकांशी हाडवैर असलेले पक्ष मिळून सरकार पाडतात पण उभे कोणीच करत नाही, हा अनुभव घेतला होता. म्हणून 1949 च्या त्यांच्या मूलभूत कायद्याच्या, म्हणजे राज्यघटनेच्या, 67 व्या कलमात अशी तरतूद झाली की, संसदेला चॅन्सेलरवर, म्हणजे सरकारच्या प्रमुखावर, अविश्वास दाखवायचा असेल तर त्याचा उत्तराधिकारी बहुमताने निवडूनच दाखवावा लागेल. 1982 मध्ये हेल्मुट श्मिट जाऊन हेल्मुट कोल आले ते याच मार्गाने. गौतमांच्या भाषेत सांगायचे तर, जर्मन संसदेत चॅन्सेलरविरुद्ध वितंडेला मज्जाव आहे. आपल्या लोकसभेत नाही. यांतले कोणते बरे हा तत्त्वाचा प्रश्न आहे, आणि नागरिकशास्त्राच्या तासाला तो जरूर विचारावा.

शिक्षिकेच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच आले. एक पुस्ती जोडतो. शाळेतील स्पर्धेत विषयाच्या बाजूने बोलायचे की विरोधात हे बहुधा चिठ्ठी टाकून ठरते आणि हेतू बक्षिसाचा असतो. तेव्हा तिचे नाव वादविवाद असले तरी शास्त्रदृष्ट्या तो जल्प आहे. त्यात गैर काही नाही. पण प्रतिस्पर्ध्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत आधी सांगायचे आणि मगच खंडन करायचे, एवढा पूर्वपक्षाचा नियम जरी घातला, तरी मुलांना पाठ केलेल्या भाषणाच्या पलीकडे जाऊन ऐकावे लागेल. नुसत्या टाळ्यांपेक्षा त्याला गुण ठेवावेत.

एरवी मराठीत 'वाद' या शब्दालाच उतरती कळा लागली आहे. गीतेच्या दहाव्या अध्यायात 'वादः प्रवदतामहम्' (चर्चा करणाऱ्यांमधला वाद तो मी) असे भगवंत म्हणतात, आणि आपण मात्र "उगाच वाद नको" म्हणून विषय मिटवतो. ज्ञानेश्वरांनी गणेशाच्या रूपकात 'संवादु तोचि दशनु, जो समता शुभ्रवर्णु' (संवाद हाच दात) असे म्हणून संवादाला समतेचा शुभ्र रंग दिला, म्हणून कदाचित तो शब्द बचावला. 'छल' तर छळ होऊन बसला. मुळात छल म्हणजे बोलणाऱ्याच्या शब्दाचा सोयीस्कर भलता अर्थ घेणे. एखाद्याजवळ नवकंबल, म्हणजे नवी घोंगडी आहे असे म्हटले की "नऊ कुठे आहेत, एकच तर दिसते" असे उत्तर देणे, हे त्याचे परंपरागत उदाहरण. त्या अर्थी 'शब्दच्छल' तेवढा शिल्लक आहे.

तेव्हा आरडाओरडा असेल तेथे खडाजंगी किंवा हमरीतुमरी म्हणावे, शब्दांचा कीस पाडला जात असेल तेथे शब्दच्छल, आणि स्वतःची बाजू न मांडता केवळ दुसऱ्याची पाडली जात असेल तेथेच वितंडा. लेखनाविषयी सांगायचे तर संस्कृत समास 'वितण्डावाद' असा आहे. मराठीत त्याचे 'वितंडवाद' हे ऱ्हस्व रूप रूढ झाले आहे आणि ते निःशंकपणे वापरावे.