२१ दिवसांत मेंदू नव्याने घडतो का?

प्रश्न : मी ३४ वर्षांची असून हिंजवडीतील एका आयटी कंपनीत नोकरी करते. ऑनलाइन मीटिंगमध्ये बोलायची वेळ आली, की ‘आपल्याला नाही जमणार’ हा विचार आधी येतो आणि मी माइक बंदच ठेवते. ‘२१ दिवसांत मेंदू नव्याने घडवा, त्याचा न वापरलेला ९० टक्के भाग जागा करा’ अशी एका कार्यशाळेची जाहिरात पाहिली. तेथे नाव नोंदवावे का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : ९० टक्क्यांचा दावा निखालस खोटा आहे. शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के भरणारा मेंदू शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा खर्च करतो, ती काही निजलेल्या भागासाठी नव्हे. २१ दिवसांचा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधील पुस्तकामुळे पसरला. सवयींच्या मोजमापाशी त्याचा संबंध नव्हता. फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ९६ जणांच्या साध्यासुध्या सवयींचा अभ्यास केला, तेव्हा सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात, पण ही मुदत माणसागणिक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलते, असे आढळले. मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही त्यातच दिसले.

आता तुमच्या अडचणीकडे वळू. वरिष्ठ ‘कोणाला काही बोलायचंय?’ असे विचारतात, मनात तो विचार येतो, तुम्ही गप्प राहता आणि क्षणभर हायसे वाटते. हे हायसे वाटणेच खरी गोम आहे, कारण ज्या कृतीने सुटका होते ती मेंदू पुन्हा पुन्हा करू पाहतो आणि कालांतराने ती विचार न करताच घडू लागते. अशी जुनी नोंद सहसा पुसली जात नाही. तिच्या शेजारी नवी तयार होते आणि सरावाने बळावते. म्हणून त्या विचाराशी हुज्जत घालत बसू नका, तो आला तरी करायची कृती तेवढी बदला. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी अभ्यासलेली ‘अमुक झाले, की मी तमुक करीन’ ही पद्धत येथे उपयोगी पडेल. मीटिंगपूर्वी एकच वाक्य वहीत लिहून ठेवा आणि वरिष्ठांचा तो प्रश्न कानावर पडताच माइक सुरू करून ते वाचा. आवाज कापला तरी चालेल.

छातीत धडधड, झोप उडणे, कामावर जाणेच टाळावेसे वाटणे असे होत असेल, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. कार्यशाळेत चारचौघांपुढे बोलण्याचा प्रत्यक्ष सराव करून घेत असतील, तर जरूर जा. नुसतीच मेंदूची रंगीत चित्रे दाखवणार असतील, तर ते पैसे वाचवलेले बरे.